चांदीपुरा विषाणू आणि पेशीतली पहिली फळी

चांदीपुरा विषाणूचा सगळा कारभार आरएनएच्या एकाच धाग्यावर चालतो. हा धागा सुमारे ११ हजार अक्षरांचा असतो आणि त्यात अवघी पाच जनुके असतात. १९६५ साली नागपूर परिसरात डेंग्यू-चिकुनगुन्याची साथ होती. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, त्या साथीचा माग काढत असताना चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा तिसराच पाहुणा सापडला. पुढे जवळपास चार दशके त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. २००३ च्या उन्हाळ्याअखेरीस आणि पावसाळ्यात मात्र आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली आणि त्यातली १८३ दगावली. महाराष्ट्रालाही त्या वर्षी झळ बसली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये याच विषाणूने पुन्हा डोके वर काढले.

त्याचा प्रसार वाळूमाशी करते. मच्छरापेक्षा लहान, पंख व्ही आकारात उभे धरणारी आणि गुणगुण न करणारी ही माशी टुणटुण उड्या मारत फिरते. मातीच्या भिंतीतल्या भेगा, गोठ्यातला ओलावा, शेणाचा ढीग ही तिची आवडती ठिकाणे. मोताळा तालुक्यातले धामणगाव बढे असो की विदर्भातले दुसरे कुठलेही गाव, पोपडे सुटलेली भिंत आणि शेजारी गोठा असला की तिची सोय झाली. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर फवारणीइतकेच भेगा लिंपण्यालाही महत्त्व आहे.

चांदीपुराचा धसका त्याच्या वेगामुळे आहे. सकाळी ताप, मग उलट्या, झटके, बेशुद्धी. लक्षणे दिसल्यापासून २४ ते ४८ तासांत मूल हातचे जाऊ शकते. नव्या विषाणूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला शरीराला आठवडाभर तरी लागतो. तेव्हा या आजारात सुरुवातीची सगळी भिस्त उपजत प्रतिकारशक्तीवर असते. तिचे पहारेकरी प्रत्येक पेशीत आधीपासून हजर असतात, आणि त्यांतले बरेचसे आरएनएला पकडणारी प्रथिने आहेत.

अडचण अशी, की पेशीत आरएनएचा सुकाळ असतो. आपले कोणते आणि परके कोणते, हे ठरवायचे कसे? उत्तर धाग्याच्या टोकाशी आहे. पेशी स्वतःचा संदेशवाहक आरएनए तयार करते तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या टोकावर एक रासायनिक टोपी चढवते आणि पहिल्या अक्षरावर मिथाइलची खूण करते. विषाणूच्या आरएनएची नक्कल तयार होताना ते टोक बऱ्याचदा उघडे राहते आणि त्यावर फॉस्फेटचे तीन गट लोंबत असतात. रिग-आय नावाचे प्रथिन नेमके हेच उघडे टोक शोधते. ते टोक दुपदरी असेल, म्हणजे धागा स्वतःवरच दुमडून जोडी जमली असेल, तर पकड घट्ट बसते. २००४ साली जपानमध्ये ताकाशी फुजिता यांच्या गटाने रिग-आयचे काम दाखवले. तीन फॉस्फेटांची गोष्ट २००६ मध्ये उलगडली. त्याच वर्षी उंदरांवरील प्रयोगांतून कामाची वाटणीही कळली. चांदीपुराचा जवळचा भाऊबंद असलेला व्हीएसव्ही, इन्फ्लुएन्झा आणि जपानी मेंदूज्वराचे विषाणू रिग-आयच्या वाट्याला येतात, तर लांबलचक दुपदरी आरएनएवर एमडीए-५ हे दुसरे पहारेकरी प्रथिन लक्ष ठेवते.

एरवी रिग-आय हाताची घडी घालून बसलेले असते. आरएनए हाती लागताच घडी सुटते, मोकळे झालेले हात मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य पटलावरील मॅव्हज् या प्रथिनाला भिडतात, आणि मॅव्हज्चे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात. तिथून निघालेला संदेश केंद्रकापर्यंत जातो व पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडू लागते. तापात अंग मोडून येते, कणकण वाटते, त्यात या इंटरफेरॉनचाही हात असतो.

इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारत नाही. तो शेजारच्या पेशींना सावध करतो आणि तिथे शेकडो जनुके जागी होतात. त्यातून तयार होणारी बरीच हत्यारे पुन्हा आरएनए पकडणारीच! पीकेआर दुपदरी आरएनएला चिकटले की प्रथिननिर्मितीची सुरुवात करणारा एक घटक निकामी करते; विषाणूची प्रथिने थांबतात आणि पेशीचीही. ओएएस हे विकर दुपदरी आरएनए दिसताच एक छोटा इशारा-रेणू बनवते, आणि त्या इशाऱ्याने जागे झालेले आरएनएज-एल समोर येईल तो आरएनए तोडत सुटते. त्यात पेशीचे स्वतःचे रायबोसोमही सुटत नाहीत. एक पेशी गमावून शेजारच्या वाचवण्याचा हा व्यवहार आहे, आणि उत्क्रांतीने तो पत्करलेला दिसतो. आयफिट-१ मिथाइलची खूण नसलेली टोपी ओळखते. झॅप हे प्रथिन सी आणि जी ही अक्षरे लागोपाठ कुठे येतात ते हेरते. माणसाच्या आरएनएत ही जोडी कमी असल्याने जास्त दिसली की संशय बळावतो.

विषाणूही काही दूधखुळा नाही. चांदीपुराच्या कुळातले विषाणू आपल्या संदेशवाहक आरएनएवर स्वतःच टोपी आणि मिथाइलची खूण चढवतात. मूळ धागा तर ते कधी उघडा ठेवतच नाहीत: एन प्रथिनाचे रेणू त्यावर ओळीने बसतात, व्हीएसव्हीमध्ये दर नऊ अक्षरांमागे एक. म्हणजे आरएनएला पकडणारे प्रथिन इथे विषाणूच्या बाजूने लढते. व्हीएसव्हीचे एम प्रथिन आणखी पुढची चाल करते. केंद्रकाच्या छिद्रांशी संधान बांधून पेशीचे संदेश बाहेर येऊ देत नाही, त्यामुळे इंटरफेरॉनची आज्ञा आतच अडकते. मात्र घाईघाईने नकला काढताना विषाणूकडून अर्धवट, दुमडलेले धागेही तयार होतात, आणि तेच रिग-आयचे आयते सावज ठरतात.

पहारा अती झाला तरी घात होतो. पेशीच्या स्वतःच्या काही आरएनएतही दुपदरी भाग असतात. एडीएआर-१ हे प्रथिन त्यांतली काही अक्षरे बदलून जोड सैल करते, म्हणजे एमडीए-५ फसत नाही. हे जनुक बिघडलेल्या मुलांत संसर्ग नसतानाही इंटरफेरॉन वाहत राहतो व मेंदूला इजा होते; एकार्डी-गुतिएरेस या दुर्मिळ विकाराचे हे एक कारण आहे.

आरएनए लस बनवणाऱ्यांनाही याच पहारेकऱ्यांशी जुळवून घ्यावे लागते. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये आरएनएतले युरिडिन किंचित बदलून त्यांचा आरडाओरडा कमी करता येतो हे दाखवले. २०२३ चे नोबेल त्या कामाला मिळाले. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या कोविड लशीत स्वतःच्या नकला काढणारा आरएनए आहे. अशा नकला काढताना पेशीत दुपदरी आरएनए बनतोच. त्याने पहारेकरी थोडे जागे झाले तर लशीला मदत होते. जास्त जागे झाले तर लशीचे प्रथिन बनायच्या आतच पीकेआर कारखाना बंद करते. चांदीपुरावर मात्र अद्याप लस नाही, खास औषधही नाही. झटके आवरणे, ताप व मेंदूवरची सूज उतरवणे आणि श्वास चालू ठेवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.