सावलीतलं पाणी हिरवं का होत नाही?

दोन दगडी डोण्या पाण्याने भरा. एक उन्हात, दुसरी अंगणातल्या आंब्याखाली ठेवा. उन्हातलं पाणी लवकरच हिरवट होतं, सावलीतलं बरेच दिवस नितळ राहतं. हा हिरवा रंग सूक्ष्म शेवाळाचा. त्याला वाढायला प्रकाश लागतो, आणि सावली नेमकी तीच रसद तोडते.

मात्र झाडाखाली पानं पडतात. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतात, मग पाण्याला वास येतो. म्हणून पानं वेचायला हवीत. छोट्या पंपाने पाणी दगडावरून खाली सोडलं, तर हवेतला प्राणवायू त्यात पुन्हा मिसळतो. तळाशी नदीतले गोटे घालण्याऐवजी खडी वापरा. नदीचे गोटे नदीतच राहू द्यावेत. खडीवर जीवाणू वस्ती करतात आणि कुजण्यातून निघणाऱ्या अमोनियाचं नायट्रेट करतात. डोणीत वेखंड लावलं, तर त्याची मुळं ते नायट्रेट शोषून घेतात.

दगड निवडताना कोकणातल्यांना जांभा हाताशी असतो. पण तो सच्छिद्र. पाणी झिरपून जातं. डोणी घट्ट काळ्या पाषाणाची घ्यावी आणि जांभा भोवती रचावा. ओला जांभा माठासारखा काम करतो: छिद्रांतलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. त्या ओलाव्यावर नेचे आपोआप रुजतात.

डासांचं मात्र सावलीत फावतं. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत साधारण 8 ते 10 दिवस लागतात. तेव्हा गप्पी मासे सोडा, नाहीतर दर आठवड्याला डोणी रिकामी करून कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी तिथेच चिकटलेली असतात.