पावसाळी वळण आणि खेळातली गाडी

कुंडलिकाकाठच्या रोह्याला लागून असलेल्या वरसे येथील एखाद्या होतकरू तरुणाने आपल्या परिसरातील पावसाळी रस्ता व्हिडिओ गेममध्ये उतरवायचे मनात आणले, तर गाडीचा रंग आणि इंजिनाचा आवाज यांवर तो महिनोन्‌महिने खर्ची घालील. परंतु घसरू पाहणाऱ्या गाडीला सावरणारी जी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नामक यंत्रणा, तिची तजवीज मात्र, गाडी तिरपी होताच अदृश्य बळाने ती सरळ करावी, एवढ्या एका कलमात उरकील. ही यंत्रणा रस्त्यावरची पकड वाढविते, हा सार्वत्रिक गैरसमजच त्या उरकण्याच्या मुळाशी असतो.

वस्तुतः, तिजोरीतील शिलकेची वाटणी करणाऱ्या खजिनदाराला जसा नाणी पाडण्याचा अखत्यार नसतो, तसा या यंत्रणेलाही टायर आणि डांबर यांच्यातील घर्षण वाढविण्याचा नसतो. 50 मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर घर्षणांक 0.8 धरला तर वेगाची मर्यादा ताशी सुमारे 71 किलोमीटर येते. पावसाने तो 0.4 झाला की तीच 50 वर उतरते.

स्टीअरिंगच्या कोनावरून चालकाचा हेतू, चाकांच्या फिरण्यावरून वेग आणि संवेदकांवरून गाडीचे प्रत्यक्ष वळणे, यांचा ताळा ही यंत्रणा सेकंदात अनेकवार घेते. मागची बाजू बाहेर फेकली जात असेल तर बाहेरचे पुढचे चाक, आणि नाक वळण सोडून सरळ जात असेल तर आतले मागचे चाक मुख्यतः आवळते, शिवाय इंजिनाचा जोरही कमी करते. ‘म्हणजे एबीएसच की!’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की एबीएस चालकाने दाबलेल्या ब्रेकखाली चाक जखडू देत नाही. ही मात्र चालकाचा पाय ब्रेकवर नसतानाही आपल्या हुकुमाने ब्रेक लावते.

ही नवशिक्यांची कुबडी आहे, असे खेळाडू तुच्छतेने म्हणतात. परंतु 1997 साली स्वीडनमधील पत्रकारांच्या चाचणीत अडथळा चुकविताना मर्सिडीजची ए-क्लास उलटली, तेव्हा कंपनीने हीच यंत्रणा त्या गाडीत सरसकट बसविली. आणि भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-मानांकनात तीन वा अधिक तारे मिळविण्यास ती आवश्यक आहे.

खेळ रचणाऱ्याने म्हणून चारही चाकांचा ब्रेक स्वतंत्र ठेवावा, वळण्याच्या अपेक्षित गतीला घर्षणाची मर्यादा घालावी, आणि खऱ्या गाडीला अंदाजानेच कळणारी घसरण खेळातील यंत्रणेलाही अचूक पुरवू नये. मग त्याच ओल्या वळणात ताशी 65 च्या वेगाने गाडी सोडावी. ती मूळ वर्तुळावरून तसूभरही ढळली नाही, तर प्रोग्राममध्ये कोठे तरी ते अदृश्य बळ शिल्लक आहे.