शून्य मतं मिळालेले उमेदवार

कागदांच्या वाटेने : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण जुनी राजपत्रं कशी वाचायची ते पाहिलं. आज एकच यादी समोर ठेवू या. १९६७ सालच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सतरा उमेदवार होते. झाकीर हुसेन यांना ४,७१,२४४ मतं पडली. सरन्यायाधीशपद सोडून उभे राहिलेले के. सुब्बाराव यांना ३,६३,९७१. तिसऱ्या जागी खुबी राम, १,३६९ मतं. तिथून पुढे आकडे घरंगळत जातात : २३२, पुन्हा २३२, पुन्हा २३२, मग १२५, १२५. उरलेल्या नऊ नावांपुढे शून्य.

पुस्तकं दुसऱ्या नावापाशी थांबतात. मला खालच्या पंधरा ओळींचं वेड आहे. देशाच्या पहिल्या नागरिकाच्या खुर्चीसाठी अर्ज भरणारा हा माणूस कोण, कुठल्या गावचा, त्याच्यासाठी शब्द कोणी टाकला? ‘असतात काही हौशी लोक’ म्हणून पान उलटणं सोपं आहे. पण या माणसांनी मागे कागद ठेवले आहेत, आणि ते कागद आपल्या सगळ्यांच्या मालकीचे आहेत.

आधी शून्याकडे पाहू, कारण तिथेच वाचक फसतो. राष्ट्रपतीची निवडणूक १९५२च्या कायद्यानुसार होते. त्या कायद्यात सुरुवातीला अट साधी होती : एक सूचक, एक अनुमोदक, दोघंही निवडून आलेले खासदार किंवा आमदार. अनामत रक्कम नव्हती. म्हणजे १९६७ साली ज्या नऊ जणांना शून्य मतं पडली, त्या प्रत्येकाच्या अर्जावर मताचा हक्क असलेल्या दोन लोकप्रतिनिधींच्या सह्या होत्या. आणि तरीही पहिल्या पसंतीचं एकही वैध मत नाही! सही करणाऱ्यांनी मत दुसऱ्याला दिलं असेल, ते मतदानाला गेले नसतील, किंवा त्यांची मतपत्रिका बाद झाली असेल. यांतलं काहीही झालं असलं, तरी संशोधकाच्या हाती दोन नावं उरतात. अनोळखी उमेदवाराच्या मागावर निघताना मी आधी त्याच्या सूचकाकडे वळायला सांगेन. सूचक आमदार असला, तर त्याचा मतदारसंघ असतो, विधिमंडळाच्या कामकाजात त्याची भाषणं असतात, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात त्याच्या बातम्या असतात. उमेदवाराचं गाव कळलं नसलं, तरी सूचकाच्या तालुक्यापासून शोध सुरू करता येतो.

आता छोट्या आकड्यांकडे येऊ. या निवडणुकीत एका माणसाचं मत म्हणजे एक मत नसतं. आमदाराच्या मताचं मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं : लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचं, मग हजाराने. १९६७ आणि १९६९ या दोन्ही निवडणुकांना १९६१ची जनगणना धरली होती. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ३,९५,५३,७१८ आणि आमदार २७०, म्हणून आपल्या आमदाराचं मत १४६चं. उत्तर प्रदेशातल्याचं १७४, मद्रासमधल्याचं १४४, आसाममधल्याचं ९४. खासदाराचं मत मात्र देशभर सारखं, ५७६चं.

हे कोष्टक शेजारी ठेवलं की १९६९च्या यादीतल्या शेवटच्या ओळी बोलायला लागतात. चौधरी हरी राम यांना १२५ मतं. ती एकाच आमदाराची, आणि तो आमदार आंध्र, ओरिसा किंवा पश्चिम बंगाल या तीन राज्यांपैकी कुठला तरी, कारण १२५ हे मूल्य या तिघांचंच होतं. खुबी राम यांना ९४. हाही बहुधा एकच मतदार, आसामचा किंवा हरियाणाचा. मतदान गुप्त असतं आणि त्या आमदाराचं नाव कळायची गरजही नाही. पण देशभरातल्या सुमारे चार हजार मतदारांमधून भागाकाराच्या जोरावर आपण दोन-तीन विधानसभांपर्यंत येऊन पोचतो, याचा आनंद मला दर वेळी नव्याने होतो.

आनंदाच्या भरात घसरायलाही होतं. त्याच यादीत बाबू लाल मग यांच्यापुढे ५७६ हा आकडा आहे. कोणीही म्हणेल, एका खासदाराचं मत. मीही तसंच म्हटलं असतं. पण मद्रासचं मूल्य १४४, आणि १४४ चोक ५७६! चार मद्रासी आमदारांनी मत दिलं असतं तरी बेरीज तीच आली असती. महाराष्ट्राचे दोन, उत्तर प्रदेशचा एक आणि राजस्थानचा एक (१४६, १४६, १७४ आणि ११०) असे चौघे घेतले तरी तीच. म्हणून आकडा जितका लहान तितकं अनुमान पक्कं, आणि बेरजेला एकाहून जास्त वाटा निघाल्या की राज्यवार मोजणीचा तक्ता काढल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही. मतपत्रिका राज्यवार वेगळ्या केल्याशिवाय मूल्य लावताच येत नाही, त्यामुळे मोजणीच्या कागदात ही फोड असतेच.

नावांचा मामला याहून अवघड आहे. सरकारी याद्या रोमन लिपीत टाइप झाल्या, तिथून देवनागरीत आल्या, आणि वाटेत नावं झिजली. १९६९च्या उमेदवार गुरचरण कौर यांचं नाव काही याद्यांत चक्क ‘फुरचरण’ असं छापलं आहे. गुरुमुखीत किंवा देवनागरीत ही चूक होणं कठीण. रोमन टंकलेखनात एका अक्षराचा फरक, आणि बाईंचं नावच हरवलं. १९६७च्या यादीत २३२ मतं मिळवणाऱ्या तिघांपैकी एकाचं नाव श्रीनिवास गोपाळ असं आहे, आडनाव रोमनमध्ये लिहिलेलं. ते भांबुरकर वाचायचं, भांबूरकर की भंबुरकर? मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत शोधताना तिन्ही रूपं घेऊन बसावं लागतं. चौधरी हरी राम यांच्या बाबतीत ‘चौधरी’चा रोमन संक्षेप आद्याक्षरांसारखा वाचला गेला, तर माणूस सूचीत भलत्याच अक्षराखाली जाऊन बसतो. हा माणूस सोपा नाही. १९५२, १९५७, १९६२, १९६७ आणि १९६९ अशा पाच निवडणुका तो लढला. १९६२ साली राधाकृष्णन यांच्यासमोर त्याला ६,३४१ मतं होती, पुढच्या वेळी शून्य. एवढा ओळखीचा माणूस शून्यावर कसा आला, हा प्रश्न घेऊन कोणी विद्यार्थी बसला तर प्रबंध होईल.

बिरुदांपासूनही जपायला हवं. १९९२ साली शंकरदयाळ शर्मा यांच्याविरुद्ध उभे असलेले काका जोगिंदर सिंग ‘धरतीपकड’ बरेलीचे. भागलपूरलाही एक ‘धरतीपकड’ होते, तेही निवडणुकांमागून निवडणुका लढवणारे. नुसत्या बिरुदावरून कात्रणं गोळा केली तर दोन माणसांचं एक चरित्र तयार होईल.

अशा वेळी आपली नाव लिहायची मराठी पद्धत किती उपयोगाची आहे ते लक्षात येतं. १९६९च्या यादीत ८३१ मतांपुढे नाव आहे : राजभोज पांडुरंग नाथुजी. आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. तीन भाग असल्यामुळे ताळा बसतो. पहिल्या लोकसभेच्या सदस्य-परिचयात हाच पांडुरंग नाथुजी राजभोज भेटतो. सोलापूरहून, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या तिकिटावर १९५२ साली निवडून आलेला. त्या निवडणुकीत खुद्द डॉ. आंबेडकर मुंबईत पडले होते आणि फेडरेशनचे लोकसभेत दोनच खासदार पोचले, एक करीमनगरचे आणि दुसरे राजभोज. आणखी मागे गेलं की १९३२च्या पुणे कराराखालच्या सह्यांत पी. एन. राजभोज सापडतात, त्याआधी १९२९च्या पुण्यातल्या पर्वती सत्याग्रहात. लोकसभेनंतर ते राज्यसभेतही होते.

म्हणजे ज्याला आपण ‘८३१ मतांचा कोणी अपक्ष’ म्हणून ओलांडून गेलो असतो, तो पर्वतीच्या पायऱ्यांवर देवळाचा दरवाजा उघडा म्हणून उभा राहिलेला माणूस निघाला. त्याच निवडणुकीत चिंतामणराव देशमुखही होते, १,१२,७६९ मतं घेऊन तिसरे. त्यांच्यावर महाराष्ट्रात पुष्कळ लिहिलं गेलं. त्याच पानावर काही ओळी खाली असलेल्या दुसऱ्या मराठी माणसाची आठवण कोणी काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ८३१ची एक बेरीज एक खासदार (५७६), महाराष्ट्राचा एक आमदार (१४६) आणि मध्य प्रदेशचा किंवा म्हैसूरचा एक आमदार (१०९) अशी बसते. इतरही बेरजा बसतात, म्हणून ती मी पेन्सिलीनेच लिहून ठेवली आहे.

१९७४ साली कायदा बदलला. दहा सूचक, दहा अनुमोदक, अडीच हजारांची अनामत, आणि उमेदवाराचं नाव असलेल्या मतदारयादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत. १९९७पासून सूचक-अनुमोदक पन्नास-पन्नास झाले, अनामत पंधरा हजार. उमेदवार रोडावले. १९७७ साली सदतीस जणांनी अर्ज भरले, छत्तीस बाद झाले आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले. २०२२ साली ११५ अर्ज आले, मैदानात दोघंच उरले.

शोधणाऱ्याच्या दृष्टीने या बदलाचा एक फायदा झाला. मतदारयादीच्या नोंदीत वडिलांचं नाव, वय आणि पत्ता असतो, म्हणजे ओळख पटवायला सगळ्यात भरवशाचा कागद अर्जालाच जोडलेला. लोकसभेच्या उमेदवाराला मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं जे शपथपत्र द्यावं लागतं, ते मात्र इथे नाही. उमेदवाराने आधी कधी लोकसभा किंवा विधानसभा लढवली असेल, तर तेव्हाचं शपथपत्र शोधावं.

अर्ज बाद झालेल्यांचा माग सर्वोच्च न्यायालयात लागतो. राष्ट्रपतीच्या निवडीला आव्हान फक्त तिथेच देता येतं, आणि ते उमेदवाराला किंवा किमान वीस मतदारांना. चरणलाल साहू या वकिलांनी अशा याचिका वारंवार केल्या. न्यायालयाने त्यांना सांगितलं की ज्याचं नामनिर्देशनच रीतसर झालेलं नाही तो कायद्याच्या अर्थाने उमेदवार नव्हे. याचिका फेटाळल्या गेल्या, पण निकालपत्रात अर्ज कधी भरला, त्यात काय कमी होतं, हे न्यायमूर्तींच्या शब्दांत नोंदलं गेलं. हरलेल्या माणसाबद्दल इतका काटेकोर कागद दुसरीकडे मिळणं दुर्मीळ. २०२३पासून सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात.

दहा-दहा सह्यांच्या काळातही जुनं कोडं सुटलं नाही. १९९२ साली काका जोगिंदर सिंग यांना १,१३५ मतं पडली. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत तेव्हा १७५चं, अशा वीस आमदारांची बेरीजच साडेतीन हजार होते. सह्या देणारे सगळे अगदी छोट्या राज्यांतले असल्याखेरीज त्यांतल्या बऱ्याच जणांचं मत काकांना मिळालं नाही, हे उघड आहे.

या आठवड्याचा गृहपाठ पहिल्याच निवडणुकीतला. २ मे १९५२. राजेंद्र प्रसाद ५,०७,४००, के. टी. शहा ९२,८२७, आणि तिसऱ्या जागी थत्ते लक्ष्मण गणेश, २,६७२. खासदाराचं मत तेव्हा ४९४चं होतं, म्हणजे थत्त्यांना मत देणारे कमीत कमी सहा जण होते. सूचक-अनुमोदकांची नावं अर्जावर आहेत. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर तिन्ही रूपांत नाव टाकून पाहा : थत्ते लक्ष्मण गणेश, लक्ष्मण गणेश थत्ते, एल. जी. थत्ते. मग एप्रिल आणि मे १९५२च्या मराठी दैनिकांच्या फायली काढा, आणि पहिल्या पानापेक्षा आतल्या पानांवर जास्त वेळ द्या. वडिलांचं नाव ‘गणेश’ जिथे जुळत नाही तो कागद बाजूला ठेवा, कितीही मोहाचा वाटला तरी.