चरीच्या कुळांचा सहा वर्षांचा संप

घाम आपला आणि खळ्यावरची रास दुसऱ्याची, हे दुःख जगभरच्या कुळांनी भोगले आहे. अमेरिकेतही न्यूयॉर्क भागात मोठे जमीनदार कुळांकडून गहू, कोंबड्या आणि वेठ घेत. १८३९ साली तिथली कुळे त्याविरुद्ध उठली. आपल्या महाराष्ट्रातला असा लढा झाला तो चरी गावात.

चरी हे अलिबाग तालुक्यातले भाताचे गाव. तिथे खोतांचे राज्य होते. कुळाने राबायचे, पिकाचा मोठा हिस्सा खोताला घालायचा, शिवाय वेठही करायची. एवढे करून पुढच्या साली जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नाही.

नारायण नागू पाटील यांनी कुळांना एकत्र केले. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीच्या सभेत ठरले, खोताची जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावे या संपात उतरली. शेते पडीक राहिली. घरात दाणा नाही, तेव्हा लोकांनी जंगलातला लाकूडफाटा विकून पोट भरले. पण माघार घेतली नाही. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये कूळ कायदा झाला आणि संप मिटला. पुढे १९४९ मध्ये खोती रद्द करण्याचा कायदाही आला. गाव करी ते राव ना करी, म्हणतात ते असे!

शिरपूर जैनसारख्या आपल्या वऱ्हाडी गावांत खोत नव्हते, रयतवारी होती. पण दुसऱ्याची जमीन कसणारी कुळे इथेही होती. विदर्भासाठी १९५८ साली वेगळा कूळ कायदा झाला. १ एप्रिल १९६१ पासून कसणाऱ्या कुळाला मालक करण्याची तरतूद त्यात होती.

आज बटईचा व्यवहार बहुधा तोंडीच होतो. लिहून दिले तर जमीन जाईल, ही मालकाला भीती. लिहून नाही म्हणून गारपिटीची मदत सातबाऱ्यावरच्या नावाला, आणि बटईदार कोरडा. मालकाची जमीन सुरक्षित राहावी आणि कसणाऱ्याचे नावही कागदावर यावे, यासाठी दोघांनी एकत्र बसून बोलले पाहिजे. चरीची माणसे उपाशी राहिली ती कसणाऱ्याच्या हक्कासाठीच.