पेनड्राइव्हमधलं वाद्य

संपादकांनी सुचवलेला विषय असा: एक पेनड्राइव्ह कुठल्याही लॅपटॉपला लावायचा, लॅपटॉप सुरू करायचा, आणि समोर विंडोजऐवजी थेट डीजेची मांडणी यायला हवी. दोन डेक, मिक्सर, गाण्यांची यादी, प्रत्येक गाण्यातल्या खुणा, सगळं आपण ठेवलं तसंच. लॅपटॉप परका असला तरी बिघडत नाही. मी लगेच हो म्हटलं. 2009 मध्ये पायोनियरचा सीडीजे-2000 आला, तेव्हापासून क्लबमध्ये वाजवणारे डीजे खिशात पेनड्राइव्ह घेऊन फिरतात. पण त्यात असतात ती गाणी आणि त्यांच्या खुणा. वाद्य क्लबचं असतं, आणि ते महागडं असतं. ज्याला अजून कुठल्या क्लबनं बोलावलेलं नाही, त्याच्या हाताशी फार तर भावाचा जुना लॅपटॉप असतो, आणि त्यावर भावाची कामं चालू असतात. अशा मुलासाठी गाण्यांबरोबर वाद्यही खिशात बसत असेल, तर ती गोष्ट नीट पाहायलाच हवी.

इतिहास थोडक्यात. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी 2000 मध्ये ‘नॉपिक्स’ आणलं. सीडी घाला, संगणक सुरू करा, आणि हार्डडिस्कला हात न लावता अख्खं लिनक्स चालू. 700 एमबीच्या सीडीवर त्यांनी दाबून दाबून दोन जीबीच्या आसपास सॉफ्टवेअर बसवलं होतं. पुढच्याच वर्षी कोपनहेगन विद्यापीठात ट्यू हास्टे अँडरसन यांनी आपल्या पीएचडीच्या संशोधनातून ‘मिक्स’ हे डीजेंचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. हे शेवटी तीन एक्स असलेलं मिक्स. डीजे गाणी कशी शोधतात, हात कसे चालवतात, याचा अभ्यास करण्यासाठी त्यांना स्वतःच्या ताब्यातलं सॉफ्टवेअर हवं होतं. ते आज जगभरातले स्वयंसेवक सांभाळतात, आणि ते मोफत आणि मुक्त आहे. डीजेच्या टेबलावर लिनक्स येणं तसं नवीनही नाही. विनाइल तबकडीवरून संगणकातलं गाणं फिरवणारी ‘फायनल स्क्रॅच’ ही प्रणाली आधी बीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि मग लिनक्सवरच चालत होती.

आता बांधणी. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराचं ‘लाइव्ह-बिल्ड’ नावाचं साधन आहे. कोणती पॅकेजं हवीत याची यादी त्याला द्यायची: कर्नल (म्हणजे सिस्टिमचा गाभा), हलका डेस्कटॉप, ध्वनीची व्यवस्था, मिक्स. ते सगळं एका दाबलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलीत बांधलं जातं. या प्रकाराला स्क्वॅशएफएस म्हणतात. चालताना तिच्यावर लिहिता येणारा एक थर पसरतो, आणि संगणक बंद केला की तो थर पुसला जातो. सायबर कॅफेसाठी हे उत्तम, डीजेसाठी घातक, कारण रात्रभर लावलेल्या खुणा सकाळी गायब. त्यावर उपाय म्हणजे पेनड्राइव्हवर आणखी एक विभाग करायचा, त्याला ‘पर्सिस्टन्स’ हेच नाव द्यायचं आणि आत एका ओळीची फाइल ठेवायची, की होम फोल्डर इथे जपा. एवढं केलं आणि बूट करताना ‘पर्सिस्टन्स’ हा पर्याय दिला की सिस्टिमला आठवण राहते. गाण्यांसाठी तिसरा विभाग एक्सफॅटमध्ये ठेवलेला बरा. तो विंडोजवरही उघडतो आणि फॅट32 सारखी एका फाइलला 4 जीबीची मर्यादा त्याला नाही.

इथे एक मेख आहे. मिक्स आपल्या डेटाबेसमध्ये प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता लिहून ठेवतं. गाण्यांचा विभाग आज एका नावानं जोडला गेला आणि उद्या दुसऱ्या, तर सगळी गाणी ‘हरवलेली’ दिसतात. म्हणून त्या विभागाला लेबल द्यायचं आणि तो दर वेळी एकाच जागी जोडला जाईल असं सिस्टिमला बजावायचं. हे आधी केलं नाही तर बांधलेली सिस्टिम परक्या घरी उपयोगाची नाही.

पण मी रेंगाळलो ते बफरपाशी. साउंडकार्डला आवाज तुकड्यातुकड्यानं द्यावा लागतो. 44.1 किलोहर्ट्झला 256 फ्रेमचा तुकडा घेतला, तर दर 5.8 मिलिसेकंदांनी कार्ड पुढचा तुकडा मागतं. तो वेळेत मिळाला नाही की स्पीकरमधून ‘टक्’ येतं. याला एक्सरन म्हणतात. तुकडा 1024 फ्रेमचा केला तर 23 मिलिसेकंदांची सवड मिळते, पण मग स्क्रॅच करणाऱ्या हाताला आवाज मागून येतोय असं जाणवतं. म्हणजे कर्नलनं हातातलं कुठलंही काम टाकून, ठरल्या क्षणी, ध्वनीकडे वळायला हवं. लिनक्समध्ये हे जमवण्याचं ‘प्रीएम्प्ट-आरटी’चं काम सुमारे 20 वर्षं चाललं. थॉमस ग्लाइक्सनर आणि इतरांच्या या कामाचा शेवटचा भाग सप्टेंबर 2024 मध्ये मुख्य कर्नलमध्ये सामावला गेला आणि 6.12 या आवृत्तीतून बाहेर आला. एका ‘टक्’साठी इतकी वर्षं चिकाटीनं झटणाऱ्या माणसांबद्दल मला नितांत आदर वाटतो.

मिक्समध्येही अशीच एक सुंदर युक्ती आहे. आवाज तयार करणारा धागा (थ्रेड) डिस्कला कधीच हात लावत नाही, कारण डिस्कनं उशीर केला तर तोही अडकेल. वाचण्याचं काम दुसरा धागा करतो. तो 8192 फ्रेमचे तुकडे, म्हणजे 48 किलोहर्ट्झला साधारण 170 मिलिसेकंदांचं संगीत, आधीच मेमरीत आणून ठेवतो. कोणते तुकडे लागतील याचा इशारा त्याला मिळत असतो: सुई कुठे आहे, कोणत्या दिशेला चालली आहे, लूप कुठे सुरू होतो, हॉटक्यू, म्हणजे बटण दाबताच उडी मारायच्या खुणा, कुठे कुठे लावलेत. संथ पेनड्राइव्हवर हे करून बघा. हॉटक्यू दाबलात की त्या जागेचा ठेका तत्काळ वाजतो. पण लहरींच्या पट्टीवर मधेच, खूण नसलेल्या ठिकाणी टिचकी मारलीत की क्षणभर काहीच नाही, आणि मग गाणं. 128 बीपीएमला एक ठोका 469 मिलिसेकंदांचा असतो. ही पोकळी नाचणाऱ्या पायांना कळते.

त्यातून ऑपरेटिंग सिस्टिमही त्याच पेनड्राइव्हवरून वाचली जात असते. म्हणून ‘टू-रॅम’ हा पर्याय वापरावा. सुरू होतानाच ती दाबलेली फाइल मेमरीत उतरते आणि पेनड्राइव्ह गाण्यांसाठी मोकळा होतो. सुरुवात थोडी लांबते आणि रॅम जास्त लागते, पण रात्र सुखाची जाते. वाय-फाय बंद ठेवावं, प्रोसेसर पूर्ण वेगावर बांधून ठेवावा, आणि वापरकर्त्याला ऑडिओ गटात घालून प्राधान्याची परवानगी द्यावी.

इथवर सगळं आपल्या हातात असतं. काळजी वाटते ती पुढची. परक्या लॅपटॉपला पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला सांगायचं कसं? प्रत्येक कंपनीचं बटण वेगळं. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना स्वाक्षरी तपासणारी फर्मवेअरमधली व्यवस्था, चालू असेल तर स्वाक्षरी नसलेला कर्नल तो उचलत नाही. डेबियनचा स्वाक्षरी केलेला कर्नल चालतो, हौसेनं स्वतः बांधलेला नाही. मग कुणीतरी सल्ला देतं, सिक्युअर बूट बंद कर. ज्याच्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन, आहे त्याच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. दुसऱ्या दिवशी विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती कुठे ठेवलीय हे मालकाला आठवत नसेल तर मैत्रीच पणाला लागते. अॅपलच्या टी2 चिपच्या मॅकवर बाहेरून बूट करायला मुळातच बंदी असते, ती आधी सेटिंगमध्ये उठवावी लागते. एम1 आणि नंतरच्या मॅकवर हा पेनड्राइव्ह चालतच नाही.

लॅपटॉपला जोडायच्या, नॉब-बटणांच्या डीजे कंट्रोलरची कथा वेगळी. जे साध्या मिडी आणि यूएसबी ऑडिओच्या नियमानं बोलतात, ते लगेच ओळखले जातात. जे एचआयडी, म्हणजे कीबोर्ड-माउसच्या, पद्धतीनं बोलतात, त्यांच्यासाठी परवानगीचा नियम सिस्टिममध्ये आधीच घालावा लागतो. काहींसाठी मिक्सची मांडणी उपलब्धच नसते. मग एक्सएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये ती स्वतः लिहायची. प्रत्येक नॉब कोणता आकडा पाठवतो हे बघत बसायला संयम लागतो.

आणि खुद्द पेनड्राइव्ह. स्वस्त फ्लॅश बारीकसारीक लिखाणाला कंटाळते, आणि डेटाबेस म्हणजे बारीकसारीक लिखाणच. कार्यक्रमाच्या मध्यात कुणाचा धक्का लागून तो निघाला तर टू-रॅममुळे सिस्टिम उभी राहील, पण गाणी जातील.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. ‘कुठल्याही लॅपटॉपवर’ हे आश्वासन खरं मानू नका. ज्या एक-दोन लॅपटॉपवर वाजवणार आहात, त्यांवर, त्याच कंट्रोलरसकट, घरी संपूर्ण संच वाजवून बघा. बिटलॉकर आहे का ते मालकाला आधी विचारा आणि रिकव्हरी की हाती आल्याशिवाय फर्मवेअरमध्ये शिरू नका. पेनड्राइव्हऐवजी यूएसबीवरचा छोटा एसएसडी घ्या आणि त्याची हुबेहूब दुसरी प्रत बॅगेत ठेवा. मिक्स आणि डेबियनला पैसे पडत नाहीत. खर्च करायचा तो या दोन एसएसडींवर करा.