‘डेव्हिडच्या वडिलांची’ तार

जुन्या वास्तू वाचवण्याच्या इतिहासातली माझी सर्वांत आवडती तार डिसेंबर १९२६ची. ती आली अमेरिकेतल्या विल्यम्सबर्गचे पाद्री डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांना. मजकूर एवढाच, की तुमच्या ४ तारखेच्या लांबलचक पत्रातली ती ‘पुराणवस्तू’ आठला घेऊन टाका. पुराणवस्तू म्हणजे लडवेल-पॅराडाइज हे अठराव्या शतकातलं विटांचं घर आणि आठ म्हणजे ८,००० डॉलर! खाली सही ‘डेव्हिडचे वडील’. हे वडील म्हणजे तेलसम्राटाचे चिरंजीव जॉन डी. रॉकफेलर (धाकटे). डेव्हिड त्यांचं शेंडेफळ.

एवढी गुप्तता कशाला? रॉकफेलर हे नाव फुटलं असतं, तर जागांचे भाव रातोरात आभाळाला भिडले असते. त्यामुळे गुडविन पुढे राहून घरं घेत गेले आणि गावात तर्ककुतर्कांना ऊत आला. नाव जाहीर झालं ते थेट जून १९२८मध्ये, गावाच्या सभेत.

व्हर्जिनिया वसाहतीची ही जुनी राजधानी वाचली ती रॉकफेलरांच्या पैशामुळे, हे खरंच. पण माझ्या मते पहिला मान गुडविन यांच्या चिकाटीच्या पत्रांचा. ते घर आजही ड्यूक ऑफ ग्लॉस्टर रस्त्यावर उभं आहे. तिकडे असलेल्या मराठी मंडळींनो, जरूर बघून या!