चिनी जेड मुद्रा : संग्रहमूल्य आणि प्रामाण्य

छिन राजवटीपासून (इ. स. पूर्व २२१) जेडची मुद्रा ही सम्राटाची मिरास मानली गेली. १९६८ मध्ये शिएनयांगजवळ एका शाळकरी मुलास सापडलेली हान काळातील ‘सम्राज्ञीची मुद्रा’ अवघी २.८ सेंटिमीटर रुंद आहे. परंतु तिचे प्राप्तिस्थान ज्ञात आहे. बाजारातील बहुतेक मुद्रांबाबत तसे नसते. जेडच्या घडणीचे वय केवळ दगडावरून ठरत नाही, आणि जुन्या दगडावर नवी अक्षरे कोरता येतात. म्हणूनच छिएनलाँग सम्राटाच्या मुद्रांचे प्रामाण्य बीजिंगच्या राजप्रासाद संग्रहालयातील ‘बाओसौ’ या ठसेसंग्रहाशी ताडून पाहिले जाते. मात्र ठसा जुळला म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे नव्हे. १८६० मध्ये ब्रिटिश व फ्रेंच फौजांनी युआनमिंगयुआन प्रासाद लुटला. त्यामुळे जी नोंद मुद्रेस अस्सल ठरविते, तीच ती राजसंग्रहातून बाहेर कशी पडली, हा अडचणीचा प्रश्नही उपस्थित करते.